पाचशे वऱ्हाडी म्हणजे किती गुंठे?

एकक बदलून देणाऱ्या यंत्राला भीडमुर्वत नसते. फोनमधलं असो की संगणकावरचं, समोरची दोन स्थळं एकाच जातीची आहेत ना, एवढंच ते पाहतं. लांबीला लांबी, वजनाला वजन, क्षेत्रफळाला क्षेत्रफळ. जात जुळली की पत्रिका, गोत्र, मुलाचा स्वभाव असलं काही न विचारता ते गाठ मारून मोकळं होतं.

बिघ्याचे एकर आणि एकराचे हेक्टर करून घेण्यापर्यंत कुणाची तक्रार नाही. पण क्षेत्रफळाच्या या गोतावळ्यात एक पाहुणा असा बसलाय, की त्याचा सातबाऱ्याशी, बांधाशी आणि भाऊबंदकीशी काडीचा संबंध नाही. त्याचं नाव सेबिन. खोलीतला आवाज किती शोषला जातो, हे मोजायचं ते एकक. आणि एक सेबिन म्हणजे, शपथेवर सांगतो, एक चौरस फूट. त्यामुळे एका गुंठ्याचे होतात १०८९ सेबिन आणि एका एकराचे ४३,५६०. हिशेब बिनचूक आहे. परीक्षेत लिहिलात तर पैकीच्या पैकी गुण मिळतील. जेवताना सांगितलात तर ताटातली पोळी वाढायची थांबेल.

हा प्रयोग फलटणकडच्या एका इंजिनिअर पुतण्याने करून पाहिला. वडिलोपार्जित जमिनीची मोजणी होती, सगळे भाऊबंद चिंचेखाली जमले होते.

"तात्या, आपल्या वाट्याला किती आले?"

"साडेसात गुंठे. पोटखराबा धरून."

"म्हणजे आठ हजार एकशे साडेसदुसष्ट सेबिन."

तात्यांची तंबाखूची चिमूट हातावरच थांबली. "त्याचा भाव काय चाललाय?"

प्रश्न रास्त होता. ज्याला भाव नाही ते मोजायचं कशाला? पुतण्याने शोषण, ध्वनिशोषण वगैरे समजावून पाहिलं. जमीन आणि शोषण हे दोन शब्द एका दमात ऐकून चार म्हाताऱ्यांना कूळकायदा आठवला आणि विषय तिकडे गेला तो मोजणीदार येईपर्यंत परत आलाच नाही.

आता या पाहुण्याचं मूळ गाव. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत उभी राहिली. त्यात व्याख्यानाची एक खोली होती. खोली देखणी, कमतरता एकच: तिथे व्याख्यान ऐकू येत नसे. येत नसे म्हणजे जरा जास्तच येत असे. उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंदांवर खोलीत घुमत राही. तेवढ्यात वक्त्याचं पुढचं अख्खं वाक्य होऊन जाई आणि श्रोत्यांना मागचा कर्ता, पुढचं कर्म आणि मधल्याच कुठल्या तरी वाक्याचं क्रियापद असा काला मिळे. आपल्याकडे काही वक्ते हा परिणाम खोलीच्या मदतीशिवाय साधतात, तो भाग वेगळा.

विद्यापीठाच्या अध्यक्षांनी हे लचांड पदार्थविज्ञान विभागातल्या वॉलेस क्लेमेंट सेबाइन या तरुण प्राध्यापकाच्या गळ्यात टाकलं. वय सत्तावीस. वरिष्ठांना नको असलेलं काम खाली सरकत सरकत ज्या वयाच्या माणसापाशी येऊन थांबतं, तेच हे वय. सेबाइनने मात्र ते मनावर घेतलं. जवळच सँडर्स थिएटर होतं, तिथे ऐकू उत्तम येई आणि तिथल्या बाकांवर गाद्या होत्या. सेबाइनने दोन मदतनीस घेतले आणि रात्री थिएटरच्या गाद्या उचलून व्याख्यानाच्या खोलीत नेऊन टाकायला सुरुवात केली. मध्यरात्री सगळं निजल्यावर ऑर्गनची एक नळी वाजवायची, बंद करायची आणि आवाज पुरता विरेपर्यंत किती सेकंद जातात ते कानाने ऐकून टिपायचं. मग आणखी गाद्या आणायच्या आणि पुन्हा ऐकायचं. उजाडायच्या आत सगळ्या गाद्या जागच्या जागी. आपल्या मंगल कार्यालयांतले आचारी आणि वाढपी जे काम वर्षानुवर्षं विनातक्रार करतात, त्यावर हार्वर्डमध्ये एक नवं शास्त्र निघालं.

गाद्या वाढल्या तसा आवाज लवकर मरू लागला. सगळ्या गाद्या आल्यावर साडेपाच सेकंदांचं घुमणं जेमतेम एका सेकंदाच्या आसपास आलं. आणि सेबाइनचं पहिलं एकक होतं, काय असेल? गादीचा मीटर. अमुक भिंत म्हणजे तमुक मीटर गादी, अमुक गालिचा म्हणजे तमुक मीटर गादी.

इथे कुठल्याही मराठी माणसाला ओळखीचं काही तरी दिसायला हवं. इंग्रज येण्याआधी आपली जमीन काठीने मोजत. शिवकाळातली काठी पाच हात आणि पाच मुठींची. वीस चौरस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चाहूर. अण्णाजी दत्तोंनी स्वराज्यात जमिनीची पाहणी केली ती असल्याच काठीने. पण हात कुणाचा आणि मूठ कुणाची? रयतेची मूठ वेगळी आणि सारा वसूल करणाऱ्याची वेगळी, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. शिवाय प्रत्येक मुलखाची काठी आपापली. सेबाइनचंही तेच झालं. त्याच्या गाद्या होत्या सँडर्स थिएटरच्या. शिकागोतल्या माणसाने आपली खोली मोजायची तर गाद्या हार्वर्डहून मागवाव्या लागणार, आणि त्याही सकाळच्या आत परत पाठवायच्या.

तेव्हा त्याने असं माप शोधलं जे जगात कुठेही फुकट मिळतं आणि कुठेही सारखंच असतं: उघडी खिडकी. खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही. म्हणजे एक चौरस फूट उघडी खिडकी आवाज शंभर टक्के गिळते. बाकी सगळ्या पदार्थांची त्या खिडकीशी तुलना करायची. दोन चौरस फूट गालिचा एक चौरस फूट खिडकीइतका आवाज गिळत असेल, तर त्याच्या खाती एक एकक जमा. पुढे या एककाला सेबाइनचंच नाव मिळालं आणि ते सेबिन झालं. फुटांऐवजी मीटर घेतले की मेट्रिक सेबिन. कल्पना इतकी साधी आहे की ती आधी कुणाला सुचली नाही.

एकच गोष्ट सेबाइनने गृहीत धरली नव्हती: गिरगावातली चाळ. चाळीत उघड्या खिडकीतून बाहेर गेलेला शब्द परत येतो. नवरा-बायकोचं सकाळी सात वाजता झालेलं संभाषण संध्याकाळी नळावर, मीठमसाला लागून, मूळ तीव्रतेच्या तिप्पट आवाजात ऐकू येतं. हार्वर्डचं सूत्र इथे चालत नाही. चाळीतल्या उघड्या खिडकीचा शोषणांक शून्याच्या खाली धरावा लागेल.

सेबाइनच्या प्रयोगातली मला सर्वात आवडणारी गोष्ट मात्र त्याच्या कोटाची आहे. खोलीत प्रयोग करणारा माणूसही आवाज शोषतो, आणि किती शोषतो हे त्याच्या कपड्यांवर ठरतं. एकदा अंगावर कोणते कपडे होते ते टिपून ठेवायचं राहिलं म्हणून त्याने दोन महिन्यांची मेहनत, तीन हजारांवर नोंदी, रद्दीत काढल्या. त्यानंतर त्याने शोधनिबंधात आपला पोशाखच लिहून टाकला: निळा हिवाळी कोट आणि जाकीट, हिवाळी विजार, आतले कपडे पातळ, बूट उंच. शास्त्रीय निबंधात आतल्या कपड्यांची नोंद करणारा प्रामाणिकपणा आता दुर्मीळ झालाय. आपल्याकडच्या जुन्या मोजणीच्या कागदांत एवढीशी नोंद, म्हणजे काठी धरणाऱ्याचा हात केवढा होता एवढीच, कुणी करून ठेवली असती तर दिवाणी न्यायालयांतले निम्मे दावे उभेच राहिले नसते.

माणूस आवाज शोषतो म्हटल्यावर सेबाइनने माणसंही मोजली. दाटीने बसलेल्या श्रोत्यांत दरडोई ०.४४ चौरस मीटर उघडी खिडकी. एकटा उभा पुरुष ०.४८, एकटी बाई ०.५४. बाई जास्त ऐकून घेते, हे शास्त्राने असं मीटरमध्ये सिद्ध केलं आहे. शास्त्रज्ञ म्हणतील, त्या काळातल्या घोळदार पोशाखामुळे. म्हणोत.

आता पुतण्याचा हिशेब पुढे नेऊ. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. त्याला ०.४४ ने भागा. उत्तर २३०. एक गुंठा उघडी खिडकी आणि २३० श्रोते ही ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने एकच गोष्ट. उलटही करता येतं. गुंठ्याचे सोळा आणे हे जुन्या साखळीचंच माप आहे. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी इंदापूर तालुक्यापासून दख्खनच्या जमीनमोजणीची नवी घडी बसवली, त्या घडीतली साखळी ३३ फुटांची. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची असते, तिच्या बरोबर निम्मी. ३३ गुणिले ३३, १०८९, झाला गुंठा. त्याचा सोळावा हिस्सा आणा. त्यात मावतात जेमतेम चौदा श्रोते. मराठी कवितावाचनाला साधारण आणाभर गर्दी असते, हे आता नेमकेपणाने सांगता येईल.

ही थट्टा वाटेल, पण मंगल कार्यालयात या हिशेबाचा प्रत्यक्ष उपयोग आहे. समजा एक कार्यालय शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद आणि वीस फूट उंच. खाली चकचकीत फरशी, भिंतींना गिलावा आणि ऑइलपेंट, वर सपाट छत. पडदा नाही, गादी नाही, कारण गाद्या नवरदेवाच्या खोलीत. फरशी आणि गिलावा आवाजाचा शंभरात फार तर दोन-तीन हिस्सा गिळतात, बाकीचा साभार परत करतात. सगळे पृष्ठभाग मिळून १६,००० चौरस फूट, त्यांचे शेकडा तीनने ४८० सेबिन. सेबाइनचं सूत्र सांगतं की घनफळाला ०.०४९ ने गुणा आणि सेबिनने भागा, म्हणजे आवाज एक दशलक्षांश उरायला लागणारे सेकंद मिळतात. घनफळ एक लाख घनफूट. उत्तर दहा सेकंदांवर.

सकाळी आठ वाजता, सीमांतपूजनाच्या वेळी, कार्यालयात गुरुजी, दोन यजमान आणि चहाच्या कपांची टोपली एवढेच हजर असतात. त्या वेळी गुरुजींचा प्रत्येक मंत्र पुढच्या दोन मंत्रांवर चढतो. माइकवाला म्हणतो, आवाज वाढवतो. वाढवल्याने घुमणंही तेवढंच वाढतं, पण हे माइकवाल्याला सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय. मुहूर्ताला मग पाचशे माणसं येतात. दरडोई पावणेपाच सेबिनने २३६८ सेबिन, म्हणजे दोन गुंठे आणि पावणेतीन आणे. घुमणं दहा सेकंदांवरून पावणेदोनवर येतं. मंगलाष्टकांतला शब्द न् शब्द ऐकू येऊ लागतो आणि मावशींनी वृत्तात बसवलेली यमकं लपवायला आता जागा उरत नाही. अक्षता पडतात. पुढच्या दहा मिनिटांत दोन गुंठे पावणेतीन आणे उठून पंगतीला जातात. मग व्याही आभाराचे चार शब्द बोलायला उभे राहतात, आणि ते चार शब्द चाळीस होऊन घुमतात.

शैक्षणिक सहलीत विजापूरचा गोलघुमट पाहिलेल्या प्रत्येकाला ही भानगड कळायला हवी. मुहम्मद आदिलशहाच्या त्या कबरीच्या घुमटाखाली अठरा हजार चौरस फुटांवर जागा आहे, एकही खांब नसलेली. जमिनीच्या हिशेबाने साडेसोळा गुंठे. चांगली बागायत निघाली असती. पण दगड आणि चुना, त्यामुळे आवाजाच्या हिशेबाने त्या जमिनीचा अर्धा गुंठाही भरत नाही. म्हणून तिथे एक टाळी वाजवली की पुन्हा पुन्हा परत येते, आणि तिसरी-चौथीची साठ मुलं एकदम ओरडली की गुरुजींना आपण अध्यापनाकडे का वळलो असा प्रश्न पडतो.

नव्या फ्लॅटची गत गोलघुमटापेक्षा फार वेगळी नाही. ६५० चौरस फुटांचा फ्लॅट म्हणजे साडेनऊ आणे जमीन. खाली टाइल्स, त्या शंभरात दोनच गिळतात, तेव्हा तळाचे सेबिन फक्त तेरा. आण्याचे बारा पै धरले तर हे सव्वादोन पै झाले. किल्ली मिळाल्यावर रिकाम्या फ्लॅटमध्ये जाऊन नवरा "हॉल मोठा वाटतो ना" असं म्हणतो, त्यातला "मोठा" हा परतलेल्या आवाजाचा भास असतो. गाद्या, सोफा, पडदे आणि सासूबाईंनी जपलेल्या गोधड्या येऊन पडल्या की हॉलचा खरा आकार कळतो. गोधडी ही महाराष्ट्राची आद्य ध्वनिशोषक वस्तू आहे. सँडर्स थिएटरात गोधड्या असत्या तर सेबाइनचं एकक आज आपल्याला तोंडपाठ असतं.

बिघ्याचं तर या रूपांतरात पार हसं होतं. बंगालचा बिघा १४,४०० चौरस फुटांचा आणि इंग्रजांनी उत्तरेत ठरवलेला पक्का बिघा २७,२२५ चौरस फुटांचा. म्हणजे यंत्राच्या मते उत्तरेतला बिघा बंगालच्या बिघ्यापेक्षा जवळपास दुप्पट ऐकून घेतो. बंगालमध्ये बोलणाऱ्यांचं प्रमाण पाहता हे उलटं असायला हवं होतं.

आता एवढं सगळं झाल्यावर एक चमत्कारिक गोष्ट निघते. जमिनीचे सेबिन करणं हा बाष्कळपणा वाटतो खरा, पण एका ठिकाणी ते आकडे अक्षरशः बरोबर आहेत: शेतात. शेताला छप्पर नाही. तात्यांच्या साडेसात गुंठ्यांवर उभं राहून कुणी बोललं, तर वर गेलेला आवाज गेला. आढ्याला आपटून परत यायला आढंच नाही. म्हणजे त्या साडेसात गुंठ्यांवर तेवढ्याच मापाची, सदैव उघडी, कडी नसलेली खिडकी आहे, आणि तिचे सेबिन आठ हजार एकशे साडेसदुसष्टच भरतात. जिरायत, बागायत आणि पोटखराबा यांत ती खिडकी भेदभाव करत नाही. खालची माती करते. ताजी नांगरट आवाज मुरवते, खडकाळ माळ तो परत फेकतो. म्हणजे पोटखराब्यात माणसाचं बोलणं जास्त लांब ऐकू जातं, आणि बांधावरची भांडणं नांगरटीपेक्षा माळावर का रंगतात याचंही कारण इथेच असावं.

रानात राबलेली माणसं घरातही वरच्या पट्टीत का बोलतात, हे यावरून समजतं. जन्मभर ज्यांनी एवढ्या मोठ्या खिडकीखाली उभं राहून पलीकडच्या शिवारात हाळी दिली, त्यांना दहा बाय बाराच्या खोलीत आवाज लहान करायला सांगणं म्हणजे बैलाला पाटावर बसायला सांगणं. शाहीर आणि तमाशातली गाणारी मंडळीही याच खिडकीखाली उभी राहिली. माइक नव्हते तेव्हा मैदानात गायलेला सूर गाणाऱ्याला परत भेटत नसे. कानाशी हात नेण्याची शाहिरांची लकब मला वाटतं त्यातलीच; स्वतःचा आवाज निदान स्वतःला तरी मिळावा. मागे सूर ओढून धरणारे झीलकरी हवेत ते याचसाठी. बंद सभागृहात भिंती जे काम फुकट करतात, त्याला मैदानात दोन माणसं पगारी ठेवावी लागत.

सेबाइनने पुढे बोस्टनच्या सिंफनी हॉलला सल्ला दिला. तो हॉल १९०० साली उघडला, आणि घुमण्याचं गणित आधी करून मग बांधलेलं ते पहिलं मोठं संगीतगृह. आजही जगातल्या उत्तम सभागृहांत त्याची गणना होते. आपल्याकडे मंगल कार्यालय बांधताना हॉलमध्ये किती पानं बसतील हे पहिलं विचारतात, मोटारी किती लागतील हे दुसरं, आणि तिसरं काही विचारत नाहीत.

तेव्हा लग्नासाठी हॉल ठरवायला जाल तर भाडं, भटारखाना आणि जनरेटर पाहून झाल्यावर मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. ती लगेच विरली तर आगाऊ रक्कम भरा. परत परत येत राहिली तर मालकाला जाड पडदे लावायला सांगा, नाहीतर पाहुणे वाढवा. तलाठी कार्यालयात मात्र हे आकडे घेऊन जाऊ नका. तिथे सातबाऱ्यावर अजून हेक्टर, आर आणि चौरस मीटरच चालतात.